मोहल्ला मीटिंगला जाऊन रस्ता ओलांडता येतो का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्यात पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. नेमका भाग सांगत नाही कारण मागे एकाने सांगितला तर अर्धा धागा "ते पुण्यात येतच नाही" यावर खर्ची पडला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे आणि पलीकडे भाजीवाले, दवाखाना, रिक्षा स्टँड, बसस्टॉप. मधला रस्ता दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा झाला. आधी खड्डे होते तेव्हा गाड्या निदान हळू तरी यायच्या, आता कसला अडथळाच नाही म्हटल्यावर सगळे जे सुसाट सुटतात ते थेट पुढच्या सिग्नललाच थांबतात. साडेबाराला शाळा सुटते तेव्हा बघवत नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, समोरच्या दवाखान्यात जायला त्या रिक्षा करतात. हो, रस्ता ओलांडायला रिक्षा. पुढून यू टर्न मारून समोर उतरायचं आणि किमान भाडं द्यायचं.

तर मला कुणीतरी सांगितलं की क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एकदा मोहल्ला कमिटीची मीटिंग असते, तिथे जाऊन सांगा. सहा महिने जातेय. दर वेळी वहीत लिहून घेतात, "नोंद घेतली मॅडम" म्हणतात, पुढच्या महिन्यात समोर दुसराच माणूस. मागणी एकच, शाळेसमोर स्पीडब्रेकर. कुणाचं काही काम झालंय का या मीटिंगमधून? की मी तिथला चहा प्यायलाच जातेय?

रिकामा_डबा
पहिला रुमाल टाकून ठेवतो. चहा मिळतो हेच नवीन आहे, आमच्याकडे पाणीपण घरून न्यावं लागतं.

बाप्या_घाटावरचा
रस्ता ओलांडायला रिक्षा हे वाचून हसलो आणि मग आठवलं की माझे वडील मेडिकलमधून गोळ्या आणायला अगदी हेच करतात. हसू गेलं.

खुर्ची_क्रमांक_३
ताई, राग मानू नका पण स्पीडब्रेकर हा उपाय नाही. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर आधी एक होता, रात्रभर धाड धाड. रिकामा टेम्पो गेला की पहिल्या मजल्यावरची भांडी वाजायची. माझं मणक्याचं ऑपरेशन झालंय, रिक्षातून जाताना प्रत्येक उंचवट्याला देव आठवतो. काँक्रिटीकरणात तो गेला तेव्हा आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. अँब्युलन्सचा विचार करा. लोकांना शिस्त नाही हा प्रॉब्लेम आहे, रस्त्याचा दोष नाही.

टिफिनवाली_आई
शिस्त लागेपर्यंत पोरांनी शाळेत राहायचं का?

निवृत्त_उपअभियंता
पाऊलवाट, तुमचं काम होत नाही याचं कारण तुम्ही चुकीच्या खिडकीवर उभ्या आहात. आयुष्यातली ३१ वर्षं या कामात घालवली (पुण्यात नाही, दुसऱ्या महापालिकेत), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला तो एक रस्ता दिसतो. कागदावर तो सहा-सात जणांचा असतो. डांबर, सिमेंट, फूटपाथ, स्पीडब्रेकर हे महापालिकेच्या पथ विभागाचं. पण स्पीडब्रेकर करायला वाहतूक पोलिसांची ना-हरकत लागते. नो पार्किंग, एकेरी, पी-वन पी-टू (सम-विषम तारखेचं पार्किंग) हे सगळं वाहतूक शाखेच्या उपायुक्तांचं, ते आधी तात्पुरता आदेश काढतात, हरकती सूचना मागवतात, मग कायम करतात. ती हरकतींची नोटीस पेपरात येते आणि आपण ती सोडून शेजारचं राशिभविष्य वाचतो. बसस्टॉप पीएमपीचा. झाडाची फांदी उद्यान विभागाची. दिव्याचा खांब विद्युत विभागाचा आणि त्याच्याच शेजारची डीपी महावितरणची. मोहल्ला मीटिंगला जो माणूस समोर बसतो त्याच्या हातात ड्रेनेजचं झाकण, कचरा, फूटपाथचं किरकोळ काम एवढंच असतं. तो खोटं बोलत नाही हो, नोंद खरंच घेतो. नोंदीपलीकडे त्याच्याकडे काही नसतंच.

दुसरं. स्पीडब्रेकर मागू नका, मागितलात तर नियमाचा मागा. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे: १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, गोलाकार, ताशी २५ किलोमीटरने गेलं तर पाठीला कळतही नाही असा. आणि आधी ४० मीटरवर पाटी. आपल्याकडे रात्रीतून येऊन डांबराचा जो वरवंटा आडवा टाकून जातात त्याला स्पीडब्रेकर म्हणणं हा त्या मानकाचा अपमान आहे. खुर्ची_क्रमांक_३ यांचा मणका त्या वरवंट्यानेच दुखतो.

रिकामा_डबा
धाग्यात काँग्रेसचं नाव आलं. आता तिसऱ्या पानापर्यंत नेहरू येणार. पॉपकॉर्न आणतो.

निवृत्त_उपअभियंता
ती १९३४ ची संस्था आहे, रस्त्याच्या इंजिनिअरांची. तिचा पक्षाशी संबंध नाही. हा विनोद मी नोकरीत दर आठवड्याला ऐकला आहे.

तीनचाकी
मी रिक्षा चालवतो, १४ वर्षं झाली. पहिलं म्हणजे आजींकडून यू टर्नचे पैसे घेणारा मी नाही, हे आधी सांगतो 😀

खरं सांगू का, शाळा सुटताना गाड्या जोरात येतात हे अर्धंच खरं. साडेबाराला अर्धा रस्ता आईबापांच्या गाड्यांनीच भरलेला असतो, एक चारचाकी, तिच्या बाहेरून दुचाकी, तिच्या बाहेरून व्हॅन. उरलेल्या पट्ट्यातून जो येतो त्याला पोरगं गाडीच्या मागून एकदम समोर दिसतं. वेग कमी असला तरी दिसलंच नाही तर ब्रेक कधी मारणार. तुम्ही ब्रेकर टाका नाहीतर भिंत बांधा, ती डबल पार्किंग उठल्याशिवाय काही उपयोग नाही. आणि ती उठवायला कुणी येत नाही कारण साहेबांचं पोरगंपण त्याच शाळेत असतं.

टिफिनवाली_आई
तीनचाकी दादा, मान खाली घालून सांगते की बाहेरून दुचाकी लावणारी मीच. म्हणजे तुमच्या भागातली नाही, आमच्या शाळेपुढची. पण करू काय? व्हॅनचे पैसे परवडत नाहीत, बस शाळेच्या वेळेला येत नाही, चालत आणायचं तर तोच रस्ता ओलांडायचा. म्हणजे रस्ता ओलांडता येत नाही म्हणून मी गाडी आणते आणि माझी गाडी असते म्हणून दुसऱ्याला रस्ता ओलांडता येत नाही. हे आज लिहिताना कळतंय मला.

बाप्या_घाटावरचा
टिफिनवाली_आई यांना +१. आजच्या दिवसातला सगळ्यात प्रामाणिक प्रतिसाद.

मुलुंडकर
पुण्यात अजून मीटिंगला जातात लोक, भारी आहे. आमच्याकडे १९९७ पासून एएलएम आहेत, गल्लीतल्या लोकांनी गट करून पालिकेकडे नोंदवायचा आणि कचरा वगैरे बघायचं. काही जागी फार छान चाललं, काही जागी दोन काकांचं भांडण झालं आणि गट फुटला, आता एका गल्लीत दोन गट आहेत आणि कचरा तिथेच. अवांतर, मोहल्ला कमिटी म्हटलं की आम्हा मुंबईकरांना ९२-९३ च्या दंगलीनंतरच्या आठवतात, पोलीस आणि वस्तीतले लोक एकत्र बसायचे त्या. स्पीडब्रेकरसाठी पण मोहल्ला कमिटी असते हे ऐकून गंमत वाटली.

सदाशिव_बाहेरचा
पुण्यात दंगल रोजच असते, पार्किंगवरून.

खुर्ची_क्रमांक_३
एक मिनिट. पाऊलवाट, तुमच्या शाळेसमोर इडलीची गाडी लागते का? आणि शेजारी बंद पडलेलं पाण्याचं एटीएम?

पाऊलवाट
हो... तुम्हाला कसं माहीत?

खुर्ची_क्रमांक_३
कारण त्या एटीएमच्या मागच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. म्हणजे सहा महिने दर मीटिंगला आमच्या गेटसमोर स्पीडब्रेकर मागणाऱ्या बाई तुम्ही!

रिकामा_डबा
अरे देवा. पॉपकॉर्न संपले, कुणीतरी शेव आणा.

पाऊलवाट
आणि मागच्या वर्षी आमचा बसस्टॉप "गेटसमोर गर्दी होते" म्हणून पत्र लिहून पुढे सरकवणारे सेक्रेटरी तुम्ही! साहेब, तो स्टॉप आता नाल्याच्या पुलावर आहे. तिथे फूटपाथ नाही. सावली नाही. बायका कठड्याला टेकून उभ्या असतात. तुमच्या गेटसमोरचं वडाचं झाड काय फक्त तुमच्या गाड्यांसाठी आहे?

खुर्ची_क्रमांक_३
असं वैयक्तिक नको. सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता, मी एकट्याने नाही केलं. स्टॉपवरचे लोक आमच्या कंपाउंडला टेकून पान थुंकायचे, वॉचमनशी भांडायचे. तुम्ही येऊन भिंत बघितली असती तर कळलं असतं.

सदाशिव_बाहेरचा
बसस्टॉप सगळ्यांना हवा असतो, शेजारच्याच्या गेटसमोर. आमच्या इथे एक स्टॉप चार वर्षांत तीनदा हलला, आता तो जिथे आहे तिथे कुणाचंच गेट नाही आणि कुणी प्रवासीही नाही.

बाप्या_घाटावरचा
बसवाल्यांचे कुणी वाली नाही हेच खरं. जून २०२५ मध्ये दिवसाचा पास ४० चा ७० झाला, त्यावर चार दिवस आरडाओरडा, मग शांत. मेट्रो झाली, मार्च २०२२ ला वनाजपासून गरवारेपर्यंत, मग पुढे वाढत गेली, मी रोज जातो, झकास आहे. पण स्टेशनवर उतरून घरापर्यंतचा जो दीड किलोमीटर आहे तो कुणाचा? मेट्रोचा नाही, बसचा नाही, तो माझ्या चपलेचा.

दूरचा_दिगू
लॉस एंजलिसहून लिहितोय, त्यामुळे जरा उशिरा. इथली गंमत सांगतो, पाऊलवाटताईंना बरं वाटेल.

इथे १९९९ च्या शहर सनदेने नेबरहूड काउन्सिल केल्या, आता ९९ आहेत. आपल्या प्रभागाहून लहान. निवडून आलेले सदस्य पण बिनपगारी, आणि अधिकार फक्त सल्ल्याचा. मत द्यायला त्या भागात राहायलाच पाहिजे असं नाही, तिथे काम करत असलात तरी चालतं. मी दोन वर्षं नेमाने जायचो. विषयपत्रिका ७२ तास आधी लावावीच लागते आणि तिच्यावर नसलेल्या विषयावर ठराव करता येत नाही, हे मला फार आवडलं. बाकी हुबेहूब आपल्यासारखं. कुणालाही बोलायला मिनिटं मोजून मिळतात, एक आजोबा दर महिन्याला पार्किंगवर बोलतात, घंटा वाजली तरी थांबत नाहीत.

२०१७ मध्ये मार व्हिस्टा भागात व्हेनिस बुलेवार्डवर दोन्ही बाजूंची गाड्यांची एकेक लेन काढून सायकलवाल्यांना संरक्षित पट्टा दिला. काय भांडणं झाली म्हणता! एका बाजूला पोरांच्या सायकली घेऊन आलेले आईबाप, दुसऱ्या बाजूला दुकानदार आणि कामावर जायला उशीर होणारे. मीटिंगच्या मीटिंगा त्यातच. शेवटी मार्च २०२४ ला लोकांनी थेट मतदानाने ठरवलं की शहराने आपल्याच आराखड्यातला रस्ता पुन्हा बांधायला घेतला, म्हणजे साधारण दोनशे मीटरच्या वर, की पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी जे कागदावर आहे ते तेव्हाच करायचं. रस्ता उकरलाय तोवर करून घ्या, हा मुद्दा. पाऊलवाटताई, तुमचा रस्ता सिमेंटचा होत होता तेव्हा मागितलं असतंत तर बहुधा स्वस्तात झालं असतं.

पाऊलवाट
दिगू, तेव्हा मागायला गेलो असतो तर कुणाकडे? मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं निवडणूकच नाही, प्रशासकच. ज्याच्या घरी सकाळी सात वाजता जाऊन बसायचं असा माणूसच नव्हता. म्हणून तर या मीटिंगला लागले.

निवृत्त_उपअभियंता
कायद्यात तुमच्यासाठी जागा आहे, प्रत्यक्षात नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ ला राज्याने क्षेत्र सभेची तरतूद केली, म्हणजे गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा. गावात सरपंचाला ग्रामसभेत उभं करून विचारता येतं. शहरात लोकांना क्षेत्र सभा हा शब्दसुद्धा माहीत नाही. मोहल्ला मीटिंग ही त्या न झालेल्या सभेची सावली आहे.

आणि पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते, फॉर्म भरून. तो भरा. छोट्या कामांना उपयोग होतो.

सदाशिव_बाहेरचा
फॉर्म भरला होता. बाक मागितला होता. बाक आला, त्यावर माननीयांचं नाव आलं, फक्त बसायला जागा झाली नाही कारण तो फूटपाथच्या मधोमध भिंतीकडे तोंड करून बसवला. बसलं की भिंतीवरची "येथे लघवी करू नये" ही पाटी वाचायची.

रिकामा_डबा
धाग्याचं सार्थक झालं.

माहितीखोर
मीटिंग, फॉर्म सगळं ठीक. पाऊलवाट, तुम्ही सोमवारी दुपारी ३ ते ५ जा. पालिकेच्या कार्यालयात त्या वेळात नागरिकांना फायली बघता येतात, माहिती अधिकाराचा अर्ज नको, फी नको, ३० दिवस थांबणं नको. हे पुणे महापालिकेतच सुरू झालं आणि २०१८ मध्ये सरकारने राज्यभर लागू केलं. पथ विभागात जायचं, आपल्या रस्त्याचं नाव सांगायचं, काँक्रिटीकरणाची फाईल मागायची. नकाशा बघा. "नोंद घेतली" म्हणणाऱ्याला हरवायचं असेल तर आपल्याकडे जावक क्रमांक पाहिजे. क्रमांक असला की माणूस बसायला खुर्ची देतो.

खुर्ची_क्रमांक_३
हे मात्र खरं. आमच्या ड्रेनेजचं काम जावक क्रमांकावरच झालं.

झुळूक
विषय निघालाच आहे तर, जंगली महाराज रस्ता १९७६ ला केला तो दहा वर्षांच्या हमीवर आणि पुढे कित्येक दशकं खड्डा नाही. आता वर्षात तीनदा खणतात.

निवृत्त_उपअभियंता
पुण्यातल्या कुठल्याही रस्त्याच्या धाग्यावर जंगली महाराज रस्ता यायला किती प्रतिसाद लागतात हे मी मोजत असतो. या वेळी बराच उशीर झाला.

पाऊलवाट
तीन आठवड्यांनी येतेय, तुम्हाला वाटलं असेल धागा सोडून पळाले.

माहितीखोर, तुम्हाला आमच्या घरचं जेवण लागू. पहिल्या सोमवारी गेले तर ज्यांच्याकडे किल्ली ते रजेवर. दुसऱ्या सोमवारी फाईल मिळाली. दोन तास बसून नकाशे उलटसुलट धरून बघितले, शेवटी तिथल्याच एका मुलीने सरळ धरून दाखवला. आणि काय सांगू, आमच्या शाळेसमोर आहे की! स्पीडब्रेकर नाही, उंच क्रॉसिंग. म्हणजे फूटपाथच्या उंचीला रस्ताच वर घ्यायचा, दोन्ही बाजूंना हलका उतार, वरून चालत समोर जायचं. नकाशात दाखवलंय. कामात वगळलंय. बाजूला पेन्सिलीने "जागेवर विरोध" एवढं लिहिलंय, तारीख नाही, सही नाही.

तर आता अर्ज दिलाय, स्पीडब्रेकरचा नाही, नकाशातलं राहिलेलं काम पूर्ण करा म्हणून. एक प्रत वाहतूक विभागाला. जावक नाही पण आवक क्रमांक मिळालाय. तेवढ्यावर चहासोबत बिस्किट मिळालं.

खुर्ची_क्रमांक_३, आता तुम्हाला विचारते, भांडायचं नाही म्हणून सरळ विचारते. तो जागेवरचा विरोध तुमचा का?

रिकामा_डबा
(शांतता)

खुर्ची_क्रमांक_३
आमचाच असणार. काम चालू असताना तो सुपरवायझर आला होता, म्हणाला इथे रस्ता उंच करणार. आम्हाला वाटलं परत तोच वरवंटा येतोय, आणि पावसाचं पाणी अडून गेटमधून आत येणार. तोंडीच बोललो, नाही म्हणून. त्याला काय, काम कमी झालं. एवढ्या एका वाक्यावर काढून टाकतील असं मला तरी वाटलं नव्हतं, आमची बाकीची पत्रं तर कुणी वाचतसुद्धा नाही.

उपअभियंता साहेब, उतार असला तर दणका बसत नाही का? आणि पाण्याचं काय?

निवृत्त_उपअभियंता
उतार नीट दिला तर दणका नाही. पाण्यासाठी दोन्ही कडांना जाळी किंवा पाइप ठेवावा लागतो, तो नकाशात आहे का बघा. नसेल तर तुमची हरकत योग्य आहे, पण ती लेखी द्या आणि "काम नको" असं लिहू नका, "जाळी घाला" असं लिहा. आणि क्रॉसिंग गेटच्या बरोबर समोर नको, शाळेच्या फाटकाकडे सरकवून मोजा. गेटपासून ते नेमकं किती अंतरावर येतंय हे तुम्ही दोघांनी जागेवर मोजून द्या, कार्यालयातून मोजणार नाहीत.

तीनचाकी
आमचा स्टँडपण तेवढा मोजणीत धरा. दोन रिक्षांएवढा मागे घ्यायला आम्ही तयार आहोत, बोललोय सगळ्यांशी. क्रॉसिंगच्या तोंडाशी आम्हीच उभे राहिलो तर आजीबाई यायच्या कुठून.

टिफिनवाली_आई
मी आता शाळेच्या मागच्या गल्लीत गाडी लावते. पहिल्या दिवशी पोरगी चिडली, आता तिला तिथलं मांजर सापडलंय.

पाऊलवाट
खुर्ची_क्रमांक_३, शनिवारी सकाळी आठ वाजता मोजायचं का? गाड्या कमी असतात. बसस्टॉपचं नंतर बोलू, पण बोलणार आहे हे लक्षात असू द्या.

खुर्ची_क्रमांक_३
आठ नको, साडेसातला. आठला इडलीवाल्याची गर्दी सुरू होते. सोसायटीची शंभर फुटी टेप आहे, घेऊन येतो. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल, मला वाकता येत नाही.

पाऊलवाट
मी धरते.